छायाप्रत

बाबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, नखाच्या जरा खाली, हरभऱ्याएवढा घट्टा होता. बॉलपेन तिथं टेकायचं. लहानपणी आम्ही भावंडं तो दाबून बघायचो, दुखतं का म्हणून. दुखायचं नाही. बाबा वर्तमानपत्र वाचत बोट आमच्या हातात सोडून द्यायचे, जसं काही ते बोट त्यांचं नव्हेच.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या वजनकाट्यावर ते कारकून होते. खनिजानं भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन बघायचं आणि पावती फाडायची. ट्रकचा नंबर, ट्रीप नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, सही. पावतीचे तीन कागद: पांढरा, पिवळा, गुलाबी. पांढरा ट्रकाबरोबर नदीवरच्या धक्क्यावर जायचा, पिवळा ड्रायव्हरच्या खिशात, कारण त्यावर ट्रकमालकाचा हिशेब व्हायचा. गुलाबी पुस्तकातच राहायचा. हंगाम ऑक्टोबर ते मे. त्या दिवसांत काट्यापाशी ट्रकांची अशी रांग लागायची की शेवटचा ट्रक वळणापलीकडे दिसेनासा व्हायचा, आणि लाल धुळीत न्हालेला एकेक ड्रायव्हर खिडकीत तोंड घालून ओरडायचा, "भाऊ, बेगीन दी मरे!"

बाबा बेगीन, म्हणजे लवकर, देत नसत. ते दाबून लिहीत. त्यांचा एक नियम होता: गुलाबीवर उठलं तरच लिहिलं म्हणायचं. पांढऱ्या कागदावर काय, कोंबडीसुद्धा लिहील.

आधी कागदांच्या मधे कार्बन असायचा. बाबांची बोटं निळी, शर्टाचा खिसा निळा, एकदा तर देवाजवळच्या निरांजनालाही निळा अंगठा लागलेला. आईनं त्यावरून बरंच काही ऐकवलं होतं. मग मी आठवीत असताना कधीतरी काट्यावर नवी पुस्तकं आली. त्यांत कार्बन नव्हता. बाबांना त्या कागदाचा भरवसाच वाटेना. एक कोरा संच त्यांनी मुद्दाम घरी आणला आणि जेवणं झाल्यावर ओट्यावर आमच्यासमोर ठेवला. "बघ रे, तुझं सायन्स काय म्हणतं? कार्बन नाही, तर खाली अक्षर येतं कुठून?"

मी वरच्या कागदावर नखानं रेघ ओढली. वर काहीच उठलं नाही. खालच्या पिवळ्यावर निळी रेघ. त्याच्या खाली गुलाबीवरही, जरा फिकी. वरचा कागद उलटा करून बघितला तर पाठ पांढरीशुभ्र. बोट फिरवलं, चाटून बघितलं (हो, चाटून), दिव्यासमोर धरला. शाई कुठेच नव्हती. सायन्स काही म्हणालं नाही. बाबा खूश झाले.

उत्तर मिळायला मला दहाएक वर्षं लागली, आणि ते मिळालं ते झेरॉक्स मशीनच्या टोनरनं, म्हणजे काळ्या भुकटीनं, काळे झालेले हात धुताना.

उत्तर असं: त्या पांढऱ्या पाठीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्यांचा थर असतो. एकेक कुपी काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन धरला, तर केसाच्या जाडीत अशा दहा-बारा कुप्या शेजारी शेजारी मावतील. प्रत्येकीच्या पोटात तेलाचा थेंब आणि त्यात विरघळलेला रंग. पण हा रंग बिनरंगाचा. क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन त्याचं नाव. जोवर त्याच्या रेणूतलं एक कडं बंद आहे तोवर तो पाण्यासारखा असतो, आम्लाशी गाठ पडली की कडं उघडतं आणि तो गडद निळा होतो. ते आम्ल खालच्या कागदाच्या तोंडावर माखलेलं. सुरुवातीला त्यासाठी चक्क माती वापरत, आम्लधर्मी चिकणमाती. पेनाचा दाब पडला की कुपी फुटते, तेल खालच्या मातीवर सांडतं, अक्षर उमटतं. म्हणजे पावतीवर शाई नसतेच. दाब आणि माती. खाणीवरच्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं.

ही करामत अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावची. तिथं नॅशनल कॅश रजिस्टर ही दुकानांतली गल्लायंत्रं बनवणारी कंपनी होती. तिच्या बॅरेट ग्रीन आणि लोवेल श्लायकर या दोघांनी कुप्यांची कृती बसवली आणि १९५४ साली कागद बाजारात आला. कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याला एनसीआर पेपर म्हणायचे, आणि कंपनीनंच त्या अक्षरांचा दुसरा अर्थ लावला होता, 'नो कार्बन रिक्वायर्ड'. म्हापशातले छापखानेवाले अजून तसंच म्हणतात. "एनसीआर बुक काय? दोन कॉपी की तीन?" वरचा कागद सीबी, मधला सीएफबी, खालचा सीएफ. पाठीला लेप, दोन्हीकडे लेप, तोंडाला लेप, एवढाच त्याचा अर्थ. मधल्याची मात्र दोन्हीकडून सोय लावलेली असते: तोंडानं घ्यायचं, पाठीनं द्यायचं. संसारात मधल्या भावाचं जे होतं तेच.

कृती स्वयंपाकघरात शोभेल अशी आहे. तेलाचे बारीक थेंब पाण्यात घुसळायचे, त्यात जिलेटिन आणि बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक घालायचा आणि पाण्याचा आंबटपणा हळूहळू बदलत न्यायचा. एका क्षणी जिलेटिन आणि डिंक पाणी सोडून तेलाच्या थेंबाभोवती गोळा होतात, साय धरावी तसे. मग ती साय पक्की करायची. नुसत्या हाताळणीनं कुप्या फुटू नयेत म्हणून त्यांच्यामधे पिठाचे, म्हणजे स्टार्चचे, जरा मोठे कण पेरतात. वरचा कागद त्या कणांवर टेकतो, कुप्यांवर नाही. पेनाचा टोकदार दाब तेवढा आत पोहोचतो.

जिलेटिन कशापासून करतात हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते निवृत्तीला आले होते. सोमवारी आणि गुरुवारी ते शिवराक, त्या दिवशी घरात मासळीचा वाससुद्धा चालायचा नाही. जनावरांची हाडं आणि कातडी, मी म्हटलं, निदान मूळच्या कृतीत तरी. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आता सांगतोस? सोमवारी मी पेनानं लिहीत होतो, जिभेनं नाही."

आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. कुप्यांतलं तेल म्हणून सुरुवातीची सतराएक वर्षं, १९७१पर्यंत, तिकडे पीसीबी वापरत. हे रसायन कुजत नाही, माशांच्या चरबीत साठतं. कागद बनवणाऱ्या आणि रद्दी पुन्हा वापरणाऱ्या गिरण्यांच्या सांडपाण्यातून ते विस्कॉन्सिनमधल्या फॉक्स नदीत गेलं आणि तो गाळ उपसायचं काम पुढं कित्येक वर्षं चाललं. डिचोलीच्या नदीचं पाणी पावसात कोणत्या रंगाचं व्हायचं ते आम्ही पाहिलेलं आहे. नदीला कागदाचा आणि खनिजाचा फरक कळत नसावा.

१९९१ साली मी पणजीतल्या एका डीलरकडे झेरॉक्स मशीनचा मेकॅनिक म्हणून लागलो. व्हिजिटिंग कार्डावर सर्व्हिस इंजिनिअर. बाबांना ते कार्ड फार आवडलं, पण ओळख करून देताना म्हणायचे, "हा झेरॉक्स दुरुस्त करतो." स्कूटरला पुढं अवजारांची बॅग, पायांत टोनरच्या बाटल्या. रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत चढायचं, पलीकडे एखाद्या शाळेचं मशीन बघायचं, परत यायचं. पावसाळ्यात कामाला उसंत नसे. आपल्याकडचा पावसाळा कागदाला सोसत नाही. कागद दमट होतो, पानं एकमेकांना चिकटतात, रोलर दोन-तीन एकदम ओढतो आणि मशीन कण्हत बंद पडतं. कोणी विचारलं की मी सांगायचो, कागदाच्या कपाटात चाळीसचा बल्ब पेटता ठेव. दुकानदारांना वाटायचं मी थट्टा करतो. मग एकेकाच्या कपाटाच्या फटीतून पिवळा उजेड दिसू लागला, आतमध्ये देव बसवल्यासारखा.

मामलेदार कचेरीजवळची झेरॉक्सची दुकानं म्हणजे गोव्याचा आरसा. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, सर्व्हेचा नकाशा, रेशनकार्ड, आणि पोर्तुगीज काळातले ते कागद. शिक्क्याच्या जाड कागदावर तिरप्या लपेटीदार अक्षरातले दस्त, शाईनं कागद खाऊन जाळी केलेले. १९६१च्या १९ डिसेंबरपूर्वी इथं जन्मलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये नोंद करून पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. त्यामुळे आजोबांच्या जन्माचा दाखला छातीशी धरून आलेला नातू रोज एक तरी दिसायचा. ते अक्षर त्याला वाचता येत नसे. दुकानदारालाही नाही. मशीनलाही अर्थातच नाही. पण तिघं मिळून प्रत चोख काढत.

या प्रतीला सरकारी मराठीत छायाप्रत म्हणतात. आम्ही मेकॅनिक लोक या शब्दाला हसायचो. कोण म्हणतं छायाप्रत? झेरॉक्स म्हण आणि मोकळा हो. पण मशीन उघडून त्याच्या पोटात बसलं की हा शब्द किती नेमका आहे ते कळतं. आत एक ड्रम असतो. कोरोना वायर नावाची बारीक तार त्याच्यावर विजेचा भार पसरते. मूळ कागदावर दिव्याचा उजेड पडतो, पांढऱ्या जागेवरून तो परतून ड्रमवर येतो आणि जिथं येतो तिथला भार पळून जातो. अक्षर काळं, त्यावरून उजेड येत नाही, म्हणून ड्रमवर तेवढीच जागा भारलेली राहते. टोनर तिथं चिकटतो. मशीन अक्षराची प्रत काढतच नाही. उजेड जिथं पोहोचला नाही त्या जागेची प्रत काढतं. छायेची. ज्या कोणा कारकुनानं हा शब्द घडवला त्याला मी मनातल्या मनात एक सलाम ठोकला आहे.

चेस्टर कार्लसननं २२ ऑक्टोबर १९३८ला न्यू यॉर्कच्या अॅस्टोरिया भागात पहिली छायाप्रत काढली तेव्हा हेच केलं होतं. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासून भारला, काचपट्टीवर शाईनं तारीख आणि गावाचं नाव लिहून ती वर ठेवली, दिवा लावला, मग लायकोपोडियमची भुकटी भुरभुरवून फुंकर मारली. पत्र्यावर अक्षरं राहिली, ती मेणकागदावर दाबून उचलली. पुढची काही वर्षं तो कंपन्यांचे उंबरे झिजवत होता. शेवटी ओहायोतल्याच कोलंबस गावच्या बॅटेल संस्थेनं त्याला १९४४ साली हात दिला. त्यातून १९५९चं झेरॉक्स ९१४ आलं, वजनाला तीनशे किलोला जरा कमी. ९१४ म्हणजे नऊ बाय चौदा इंचाचा कागद. आपल्या एक-चौदाशी त्याचा काही संबंध नाही, पण कचेरीजवळच्या गर्दीत मला उगाच तो वाटायचा. डेटनपासून कोलंबस म्हणजे सरळ रेषेत आपल्या गोव्याच्या उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत. एवढ्याशा पट्ट्यात जगाच्या निम्म्या नकला जन्मल्या.

त्याच डेटनमध्ये तिसरी गोष्ट घडली, आणि तिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

डीलरच्या वर्कशॉपमध्ये जुन्या मासिकांचा ढीग होता, पार्ट पुसायला म्हणून ठेवलेला. एका पावसाळी दुपारी वीज गेलेली, त्यातलं एक चाळत बसलो होतो. त्यात एका रंगीत कॉपियरची माहिती होती, जपानच्या ब्रदर कंपनीच्या. मी पार्टांची नावं शोधू लागलो. ड्रम नाही. कोरोना नाही. टोनर नाही. शाईही नाही. मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. माझ्या बॅगेतलं एकही अवजार त्या मशीनला लागू पडणार नव्हतं. मग चित्र बघितलं आणि ओट्यावरची ती रात्र आठवली. चित्रात कुप्या होत्या.

तंत्राचं नाव सायकलर. काढणारी कंपनी डेटनची मीड, शाळेच्या वह्या आणि कागद यांसाठी प्रसिद्ध, बिनकार्बनचा कागदही बनवणारी. तिथं कोणाच्या तरी डोक्यात आलं: कुपी फोडायला पेन लागतं, पण कोणती कुपी फुटायची आणि कोणती नाही हे उजेडानं ठरवलं तर? मीडच्या नावावर त्याचं पेटंट १९८३चं आहे.

त्यांनी कुपीच्या पोटात रंगाबरोबर असं द्रव भरलं जे उजेड लागला की गोठतं, दातांत सिमेंट भरल्यावर डॉक्टर निळा दिवा धरून ते पक्कं करतात तसं. उजेड लागलेली कुपी आतून टणक होते, पोटातला रंग तिथंच अडकतो. उजेड न लागलेली मऊ राहते. आता अशा कुप्यांनी माखलेली फिल्म कोऱ्या लेप-कागदाला लावून दोन रोलरांमधून दाबून काढायची, लाटण्याखालून पोळी जावी तशी. टणक कुप्या दाब सोसतात. मऊ फुटतात आणि रंग कागदावर सांडतो. पुढचं सगळं बाबांच्या पावतीसारखं.

रंगीत चित्रासाठी कुप्या तीन जातींच्या, सगळ्या एकत्र कालवलेल्या. एकीत आकाशी, एकीत किरमिजी, एकीत पिवळा. आणि प्रत्येक जात वेगळ्या उजेडाला घाबरते. आकाशीवाली लाल उजेडानं गोठते, किरमिजीवाली हिरव्यानं, पिवळीवाली निळ्यानं. हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला, म्हणून अंगणातली जास्वंद घेतली. समजा तिच्या फोटोची प्रत काढायची आहे. पाकळीवरून लाल उजेड येतो. त्यानं आकाशी कुप्या गोठल्या. किरमिजी आणि पिवळ्या मऊ राहिल्या, फुटल्या, एकमेकींत मिसळल्या, आणि किरमिजी अधिक पिवळा म्हणजे लाल. पानावरून हिरवा उजेड, म्हणून किरमिजी गोठली, आकाशी आणि पिवळी फुटून हिरवा. मागची चुन्याची भिंत पांढरी, तिच्यावरून सगळे उजेड येतात, सगळ्या कुप्या गोठतात, एकही फुटत नाही, कागद पांढरा. आणि फुलाच्या मागची काळी सावली? तिथून काहीच येत नाही. तिथं कोणीच गोठत नाही, सगळ्या फुटतात आणि तिन्ही रंग मिळून काळं होतं.

म्हणजे लाल उजेड कागदावर लाल रंग घालत नाही. जो रंग लालमध्ये नको असतो तेवढा तो बंद करून ठेवतो. बाकीचं दाब करतो. मी मासिक मांडीवर ठेवून कितीतरी वेळ बसून राहिलो. वीज आली तरी उठलो नाही. साहेबांनी विचारलं, "काय रे, बरं आहे ना?"

इथं ललित लिहिणाऱ्या माणसाला मोह होणार. उन्हानं, कष्टानं घट्ट झालेला बाप, मऊ राहिलेली आई, आणि दोघांवरून फिरलेला आयुष्याचा रोलर. मलाही झाला. पण मी मेकॅनिक आहे, आणि मेकॅनिकनं बसल्या जागी विचार केला तो दुसराच होता: हे आपल्या मामलेदार कचेरीजवळ चालणार नाही.

का ते सांगतो. आमच्या मशीनचा ड्रम हजारो प्रती काढतो, टोनर लागेल तेवढाच खर्च होतो. पानभर मजकूर असो की दोन ओळी, शाई त्या दोन ओळींची. सायकलरला प्रत्येक प्रतीमागे कुप्यांची अख्खी फिल्म जाते. दोन ओळींसाठी लागलेल्या कुप्या फुटतात आणि उरलेल्या पानभर कुप्या, उजेडानं गोठलेल्या, कचऱ्यात. पांढऱ्या जागेचेही पैसे भरायचे! एक रुपयात एक-चौदाची प्रत मागणारा माणूस हे ऐकून दुकानाला आग लावेल. शिवाय फिल्म अंधारात जपायची, उजेड लागला की नासली. एका बाजूला बल्ब पेटता ठेवायला शिकवलेल्या दुकानदाराला दुसऱ्या बाजूला अंधार राखायला कोणी शिकवायचं? वर, १९८७ साली कॅननचा रंगीत लेझर कॉपियर आला होता आणि साध्या कागदावर प्रती काढत होता. मग घरोघर इंकजेट आले. कुप्या आणि लेप एकाच कागदात घालून, छोट्या प्रिंटरांसाठी म्हणून या तंत्राला नंतर पुन्हा उभं करायचा प्रयत्न झाला, पण तोवर लोक फोटो कागदावर काढायचेच विसरत चालले होते.

तरी मला ते मशीन फार देखणं वाटतं. देखणं म्हणजे आतून. टोनरची धूळ नाही, हजारो व्होल्टची तार नाही, जळका वास नाही. उजेड आणि लाटणं. तेहेतीस वर्षं मी दुसऱ्यांची मशीनं उघडली, पण जे एकदाही उघडायला मिळालं नाही त्याचा आतला भाग मला सगळ्यांत स्पष्ट दिसतो.

बाबा २००४ साली निवृत्त झाले. पुढं २०१२च्या सप्टेंबरात सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि डिचोलीच्या रस्त्यांवर अशी शांतता पसरली की चतुर्थी संपल्यावरही घर इतकं रिकामं वाटत नाही. लोकांच्या दारांत ट्रक उभे होते, चाकांत गवत. बाबा संध्याकाळी फिरायला जायचे ते काट्याच्या बाजूनं. परत आले की काही बोलायचे नाहीत. एकदा तेवढं म्हणाले, "काट्यावर गाय बसलेली. वजन घ्यायला कोणी नाही."

काट्यावरची जुनी पुस्तकं, कंपनीनं टाकायला काढलेली, त्यांनी चूल पेटवायला म्हणून घरी आणली होती. एकही पेटवलं नाही. पडवीतल्या फळीवर, पश्चिमेच्या उन्हात, ती वर्षानुवर्षं पडून होती. ते गेल्यावर मी उघडून पाहिली. गुलाबी पानं, कडांना तपकिरी, आणि जवळपास कोरी. क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन झटकन उमटतो आणि उजेडात तितक्याच झटकन उडतो. म्हणून चांगल्या कागदात त्याच्या जोडीला दुसरा एक रंग घालतात, जो दिसायला वेळ घेतो पण टिकतो. आमच्या पुस्तकांत तो कोणीतरी काटकसरीनं घातला असावा. उन्हानं सगळा हिशेब खाल्ला. पुस्तकांना वाळवीही लागली होती. दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी ती खरंच चुलीत गेली, आणि घातली मीच.

गेल्या चतुर्थीआधी साफसफाईत आईनं तांदळाचा डबा बाजूला ओढायला सांगितलं. डब्याखाली एक पुठ्ठा होता. पावती-पुस्तकाच्या मापाचा, एका कोपऱ्याला भोक, भोकात सुतळीचा तुकडा. मी लगेच ओळखला. बिनकार्बनच्या पुस्तकात संचाखाली पुठ्ठा सरकवावा लागतो, नाहीतर लिहिताना दाब खाली झिरपून पुढच्या पावत्यांवरही अक्षरं उठतात. पुस्तकाबरोबर येणारा पुठ्ठा पातळ असतो. बाबांनी आपला स्वतःचा जाड कापून घेतला होता आणि एक पुस्तक संपलं की तोच पुढच्यात. किती वर्षं कोण जाणे. गुलाबीच्याही खाली पोहोचलेला सगळा दाब त्यानं घेतलेला.

सरळ बघितला तर काही दिसत नव्हतं. चहाचा एक गोल डाग, डब्याच्या बुडाचा गंज. मी तो स्कूटरच्या डिकीत घालून दुकानात नेला (डीलरची नोकरी सोडून आता माझंच छोटं दुकान आहे) आणि मशीनच्या काचेवर ठेवला. प्रत काढली. करडं पान. डाग आला, गंज आला, भोक आलं. गडद करून काढली, आणखी करडं पान. अपेक्षितच होतं. मशीनचा उजेड समोरून सपाट पडतो, त्याला रंग दिसतो, खोली दिसत नाही.

मग शटर अर्धं ओढलं आणि मोबाईलची बॅटरी पुठ्ठ्याच्या कडेला, जवळजवळ आडवी धरली.

पुठ्ठा नांगरलेल्या शेतासारखा उठून आला. आकड्यांवर आकडे, आकड्यांवर आकडे, ट्रकांचे नंबर, टनांचे आकडे, वेळा, सगळ्या एकमेकांत रुतलेल्या. एकही ओळ वाचता येईना. फक्त सात ओळखू येत होते. बाबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यांच्या साताच्या पोटात आडवी रेघ असायची, आणि ती ते शेवटी, पेन उचलून पुन्हा दाबून काढायचे. इंग्रजी सात, आडव्या रेघेचे, इकडे तिकडे, पावसातल्या बेडकांसारखे जिथं बघावं तिथं. मी बॅटरी फिरवत मोजू लागलो आणि चाळीसच्या पुढं सोडून दिलं. गिऱ्हाईक आलं होतं.

संध्याकाळी घरी गेलो तर आई दारातच. "पुठ्ठा कुठं नेलास? डब्याखाली ओल येते. दे इकडे."

मी तिला झेरॉक्स दिली. ती तिनं उजेडाकडे धरून बघितली, उलटी करून बघितली.

"ही काय करू? पातळ आहे."